मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर बसतो?

पत्र

बाई, सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, सातवीत. या वर्षी आम्ही त्याला नव्या खासगी शाळेत घातलं. फी आमच्या आवाक्याच्या जरा बाहेरचीच आहे, पण सगळं एकाच छताखाली मिळेल असा विचार केला. पहिल्याच आठवड्यात शाळेनं उपक्रमांची जाडजूड पुस्तिका हातात दिली. आम्ही तिघांनी बसून नावं टाकली: सोमवारी आणि गुरुवारी फुटबॉल, मंगळवारी डिबेट, बुधवारी रोबोटिक्स, शुक्रवारी कीबोर्ड. प्रत्येकी दीड तास. शिवाय शनिवारी सकाळी क्विझ.

आता पाच महिने झाले. शाळेची साधी बस मुलांना चारला घरी सोडते, हा लेट बसनं पावणेसातला येतो. जेवण, गृहपाठ करता करता अकराच्या आत आडवा होत नाही. सकाळी पावणेसहाला उठवायला गेलं की अंगावर येतो. रविवारी संध्याकाळी कारण नसताना रडतो. मध्येच कधीतरी तो शाळेच्या नाटकाच्या बॅकस्टेजला जायला लागला. दिव्यांचं काहीतरी करतो. मधल्या सुट्टीत तिथेच असतो, डबाही त्यांच्यातच खातो. परवा म्हणाला, 'मला बाकी सगळं सोडायचंय, फक्त लाइट्स करायचेत.'

त्याच्या बाबांचं म्हणणं, होईल सवय. आज सोडू दिलं तर उद्या सगळंच सोडेल. मला वाटतं, नाटकच करायचं तर निदान स्टेजवर तरी यावं. मागे अंधारात वायरी ओढायला का आम्ही एवढी फी भरतोय? त्या मुलांना साधं प्रमाणपत्रसुद्धा मिळत नाही. पुढे बाहेर शिकायला जायचं ठरलं तर अर्जात काय लिहायचं? काय करू?

– एक गोंधळलेली आई

उत्तर

प्रिय ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा लेट बसपाशी अडखळले. दुसऱ्यांदा मात्र तुम्ही जाता जाता लिहिलेल्या तीन शब्दांपाशी थांबले: 'डबाही त्यांच्यातच खातो.'

नव्या शाळेत आलेल्या मुलाची खरी कसोटी मधल्या सुट्टीत लागते. घंटा होते, सगळे उठतात, जो तो आपापल्या घोळक्यात जातो आणि नवा मुलगा डबा हातात धरून उभा राहतो. कुठे बसायचं? मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी खासगी शाळांमध्ये, आणि सुट्टीच्या ड्यूटीवर असताना हे उभं राहणं इतक्यांदा पाहिलंय की पाठमोऱ्या मुलाकडे बघूनही मला ते कळतं. काही जण पाण्याच्या नळाशी उगाच रेंगाळतात. काही लायब्ररीत जाऊन बसतात. काही येऊन विचारतात, 'बाई, वह्या नेऊन ठेवू का?' त्या वह्या कुठेच न्यायच्या नसतात. तुमच्या मुलाला पाच महिन्यांत बसायला जागा सापडली, आणि तीही तुमच्या त्या जाडजूड पुस्तिकेत कुठेही खूण न करता. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

पण त्याआधी झोपेचा हिशोब मांडू, नाहीतर पुढचं बोलणं फुकट जाईल. अकराला आडवा आणि पावणेसहाला उठवणं, म्हणजे पडल्या पडल्या डोळा लागला असं धरलं तरी पावणेसात तास. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञ डॉक्टरांच्या अकादमीनं 2016 मध्ये वयाप्रमाणे झोपेचे आकडे दिले होते. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 9 ते 12 तास, 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास. आपण सगळ्यात कमी, म्हणजे 9 धरू. रोज सव्वादोन तास कमी पडतात. पाच रात्रींचे झाले सव्वाअकरा. शाळेचा आठवडा संपेपर्यंत त्याच्या झोपेतली एक अख्खी रात्र बुडालेली असते, आणि वर शनिवारी सकाळी तो क्विझला जातो. रविवारी तो कारण नसताना रडतो, असं तुम्ही लिहिलंय. ताई, एवढी झोप बुडाली तर मीही रडेन, आणि मी रविवारची वाट बघणार नाही.

हे तास गेले कुठे, तेही बघा. वेळापत्रकात दीड तासाची प्रॅक्टिस दिसते. पण साधी बस चारला घरी आणते आणि लेट बस पावणेसातला, म्हणजे दीड तासासाठी पावणेतीन तास जातात. मधला सव्वा तास कपडे बदलण्यात, सर येईपर्यंत थांबण्यात, बाकीच्यांच्या प्रॅक्टिस संपायची वाट बघण्यात आणि अर्धं गाव हिंडून येणाऱ्या बसमध्ये जातो. आठवड्याला सव्वासहा तास. खासगी शाळेतल्या 'उपक्रमां'चा हा न छापलेला भाग, आणि पालक तो कधीच मोजत नाहीत. मी स्वतः शाळेत असतानाही मोजला नव्हता. पुढे माझी भाची त्याच लेट बसनं यायला लागली तेव्हा मोजला.

आता 'आम्ही तिघांनी बसून नावं टाकली' या वाक्याबद्दल. तुमच्यावर रोख नाही, पण मला शंका आहे. पेन कुणाच्या हातात होतं? बारा वर्षांच्या मुलाला नव्या शाळेच्या पहिल्या आठवड्यात चकचकीत पुस्तिका दाखवून 'हे हवंय का?' असं आई-बाबांनी उत्साहानं विचारलं तर तो 'हो' म्हणतो. तो 'हो' फुटबॉलला नसतो, तुमच्या चेहऱ्याला असतो. त्यातून फी आवाक्याबाहेरची. मग भरलेल्या पैशांचं पुरेपूर वसूल व्हावं असं वाटणं साहजिकच आहे. पण वसुलीच्या नादात 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी गत होते. पाच ठिकाणी नाव असलेला मुलगा पाचही ठिकाणी पाहुणा असतो: कीबोर्डच्या सरांना तो 'शुक्रवारचा मुलगा' म्हणून माहीत, क्विझवाल्यांना 'शनिवारचा'.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. खासगी शाळा इतके उपक्रम का चालवतात? मुलांच्या भल्यासाठी, हे खरंच. पण त्याच्या जोडीला वार्षिक अहवालही असतो. एका शाळेत तो तक्ता भरायचं काम माझ्याकडे होतं: किती उपक्रम, किती विद्यार्थी, किती बक्षिसं. एका वर्षी डिबेटच्या संघाला तिसरा वक्ता मिळत नव्हता. आठवीतली एक मुलगी होती, वाचन दांडगं, आवाज छान. तिनं दोनदा येऊन सांगितलं की तिला नको आहे. मी तिला 'भीती मोडायला हवी' वगैरे सुनावलं आणि संघात ठेवलं. प्रत्येक स्पर्धेच्या दिवशी तिच्या पोटात दुखायचं. आम्ही दुसरे आलो, शाळेच्या मासिकात फोटो छापून आला. फोटोत ती हसतेय. पुढच्या वर्षी तिनं लायब्ररीत येणंही बंद केलं, कारण डिबेटची मुलं तिथे बसायची. भीती मोडली नाही. तिची वाचायची जागा तेवढी मोडली. त्या तक्त्यात 'तीन वक्ते' असं मी माझ्या हातानं लिहिलंय.

म्हणून तुमच्या मुलानं 'सोडायचंय' म्हटल्यावर पहिला प्रश्न 'का?' असा विचारू नका. 'का' विचारलं की मुलं वकिली करायला लागतात. 'तिथे गेल्यावर काय होतं ते सांग' असं म्हणा. फुटबॉलच्या दिवशी बसमधून उतरल्यापासून ते परत बसमध्ये बसेपर्यंत काय काय होतं? बोलू द्या. कंटाळा असेल तर कंटाळा ऐकू येईल. गेल्या आठवड्यात गोल चुकला म्हणून लाज वाटत असेल, तर तीही कळेल. अशा वेळी मी लगेच सोडू देणार नाही, अजून चार मॅचेस जाऊ देईन, कारण लाजेच्या भरात सोडलेली गोष्ट पुढे बरीच वर्षं सलत राहते. पण बोलता बोलता तो एखाद्या माणसाच्या नावापाशी गप्प झाला, एखादे सर, एखादा मोठा मुलगा, कपडे बदलायची खोली, तर बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवा आणि त्या गप्प होण्याचा माग काढा. तसं काही निघालं तर सत्र संपायची वाट बघू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जा. बहुतेक वेळा तसं नसतं. पण विचारायचं राहून गेलं असं व्हायला नको.

आता 'अंधारात वायरी ओढणं' या तुमच्या शब्दांकडे येते. रागावू नका, पण शाळेच्या नाटकात मागे नेमकं काय चालतं ते तुम्ही पाहिलेलं दिसत नाही.

दिवे करणाऱ्या मुलाच्या पुढ्यात एक कागद असतो, क्यू शीट. प्रत्येक बदलाला आकडा. क्यू 7: डावीकडचा निळा वर, पाच सेकंदांत. क्यू 8: आई दार उघडते, पिवळा पट्टा. क्यू 9: काळोख. कानाला हेडफोन. प्रयोग चालवणारा कुजबुजतो, 'स्टँडबाय आठ', आणि त्यानंतर या मुलानं हूं की चूं करायचं नाही. बोट फेडरवर, म्हणजे दिवा कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर, ठेवून फक्त एका शब्दाची वाट बघायची. 'गो.' एक सेकंद आधी केलं तर आई बंद दारातच उजळते. उशीर झाला तर ती अंधारात वाक्य म्हणते. पाच सेकंदांत दिवा वर न्यायचा म्हणजे बोटाचा वेग असा हवा की प्रकाश कधी वाढला हे बघणाऱ्याला कळताच कामा नये. पहिल्या तालमीत सगळी मुलं घाई करतात. चौथ्या-पाचव्या तालमीला बोट शहाणं होतं. त्याशिवाय त्या वायरी. त्या ओढायच्या नसतात, जमिनीला चिकटपट्टीनं सपाट बसवायच्या असतात. एक वायर सुटली तर काळोखात धावत विंगेत येणारी पाचवीतली मुलगी तोंडावर पडेल, हे या मुलांना माहीत असतं. प्रयोगाआधी ती गुडघ्यांवर बसून प्रत्येक पट्टी तळहातानं दाबून बघतात. सांगायला कुणी मोठं माणूस उभं नसतं.

आमच्या एका प्रयोगात ऐन दुसऱ्या अंकात समोरचे दिवे गेले. नववीतला मुलगा होता दिव्यांच्या बोर्डवर, वर्गात बाकाशी बोलला तरी बोलला म्हणायचं असा. त्यानं बाजूचे दिवे हळूहळू वर आणले, अगदी ठरल्यासारखे. स्टेजवरच्या मुलांना वाटलं, सरांनी आयत्या वेळी काहीतरी नवीन केलं. प्रेक्षकांना तर काहीच वाटलं नाही. टाळ्या झाल्या, पडदा पडला, नट वाकून वाकून नमस्कार करत होते आणि हा वर बसून हात पुसत होता. मी वर गेले तर म्हणाला, 'बाई, फ्यूज बघायला हवा.' बस. दोन वर्षांत माझ्याशी आपणहून बोललेलं ते त्याचं पहिलं वाक्य.

स्टेजवर जायची ज्याला हौस असेल त्यानं जरूर जावं. पण तुमच्या मुलानं मागची जागा निवडलीय ती भित्रेपणातून असेल असं मला वाटत नाही. ज्या दिवशी तो जाणार नाही त्या दिवशी तिथे काहीतरी अडेल, हे त्याला कळलंय. बाकी पाच ठिकाणी तो गेला नाही तर हजेरीपटावर एक फुली पडते, एवढंच.

प्रमाणपत्र नाही म्हणून हळहळू नका. उलट मी म्हणेन, बरं झालं. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायला आपणहून धावणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी ताऱ्याचं, रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा तेच रंगीत पेन ठेवले आणि लपून पाहिलं. प्रशस्तिपत्राचं आमिष आधी दाखवलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम त्यांच्या लेखी 'बक्षिसासाठी करायचं काम' होऊन बसलं. तुमचा मुलगा काहीही मिळत नसताना सुट्टीत धावत दिव्यांकडे जातो. त्याच्या गळ्यात आत्ताच पदक घालायची घाई कशाला?

परदेशी अर्जाचं म्हणाल तर जरा सबुरीनं घ्या, पोरगा सातवीत आहे. तरी तुमच्या समाधानासाठी सांगते. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांना चालणारा 'कॉमन अ‍ॅप' हा सामाईक अर्ज असतो. त्यात उपक्रमांसाठी 10 जागा असतात आणि प्रत्येकाचं वर्णन 150 अक्षरांच्या आत बसवावं लागतं, म्हणजे कसंबसं एक-दीड वाक्य. कुठल्या इयत्तेत केलं याच्या चौकटी नववीपासून सुरू होतात. सातवीतल्या क्विझला तिथे टिचकी मारायला जागाच नाही. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, हेही विचारतात. जानेवारी 2016 मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशाखेतल्या एका प्रकल्पानं अहवाल काढला होता. त्यात कॉलेजांना सुचवलं होतं की विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगा, दोन-तीन मनापासून केलेल्या उपक्रमांपेक्षा जास्त लिहायचं दडपण घेऊ नका. सगळी कॉलेजं तसं वागतात असं नाही, हे मलाही कळतं. पण दहाच्या दहा जागा भरल्या की दार उघडतं, ही समजूत पालकांच्या ग्रुपवर जन्माला येते आणि तिथेच पोसली जाते. आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शिक्षणक्रमाच्या, डिप्लोमातही सृजन, शारीरिक हालचाल आणि सेवा असा 'कॅस' नावाचा भाग सक्तीचा असतो. तिथे पूर्वी तास मोजायचे. ते त्यांनी सोडून दिलं आणि निदान 18 महिने सातत्य हवं, यावर बोट ठेवलं. सातत्य म्हणजे काय, ते तुमच्या मुलाला आपोआपच कळायला लागलंय.

एका गोष्टीत मात्र मी त्याच्या बाजूनं नाही. तो 'बाकी सगळं' म्हणतोय, त्यात अंग हलवणारं काही उरत नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. दिव्यांच्या बोर्डसमोर ती होत नाही. तेव्हा फुटबॉल नको असेल तर नको, पण साध्या बसनं चारला घरी आल्यावर उजेड असतो, त्या उजेडात बाहेर पडायचं. सायकल, पोहणं, खालच्या पोरांबरोबर पळापळ, काहीही. त्याला शिट्टी वाजवणारा सर नसला तरी चालेल. आणि आठवड्यातला निदान एक दिवस असा ठेवा की त्याच्यावर कुणाचंच नाव लिहिलेलं नसेल. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात कलम 31 आहे, मुलांच्या खेळाच्या हक्काचं म्हणून ते सगळ्यांना माहीत असतं. नीट वाचलं तर त्यात खेळाच्याही आधी विश्रांतीचा शब्द आलाय.

सोडायचं कसं, हे मला सोडण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि त्याच्या बाबांच्या काळजीचं उत्तरही यातच आहे. 'आज सोडू दिलं तर उद्या सगळंच सोडेल' ही भीती खोटी नाही. जी मुलं एखाद्या मंगळवारी नुसती जायची बंद होतात आणि ज्यांच्या वतीनं आई ईमेल पाठवते, त्यांना सोडायची सवय लागते. म्हणून मधूनच सोडायचं नाही. कीबोर्ड आणि क्विझ यात त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही, तर ते या महिन्याअखेर थांबवा. झोप तिथूनच परत मिळवायला सुरुवात करायची आहे. कीबोर्डची सत्राची फी भरली असेल तर ती गेली असं समजा. मुलगा तिथे बसून राहिल्यानं ती परत येत नाही. डिबेट आणि फुटबॉल सत्र संपेपर्यंत. रोबोटिक्सचं जरा वेगळं आहे. तिथे चार-पाच मुलांचा संघ असतो, स्पर्धेची तारीख ठरलेली असते, आणि त्याच्या वाट्याला यंत्राचा एखादा भाग आलेला असणार. तो भाग पुरा करून, स्पर्धा होईपर्यंत त्यानं थांबायचं. कंटाळा आला तरी. यावर तो कुरकुर करेल, करू दे.

आणि प्रत्येक ठिकाणी सांगायचं ते त्यानं स्वतः, समोर उभं राहून. वाक्य साधं असावं: 'सर, या सत्रानंतर मी थांबतोय. तोपर्यंतच्या सगळ्या मॅचेसना येईन.' कारणांची माळ नको, आजारपणाची थाप तर नकोच. घरी एकदा-दोनदा म्हणून बघू दे. बाबांना सर करा, त्यांनाही जरा काम. तो सांगून आला की मग तुम्ही वर्गशिक्षिकेला दोन ओळी लिहा, त्याआधी नाही. एखादे सर तोंड वाकडं करतील. 'तुझ्यात गुण होते' असं म्हणतील. मी म्हटलंय तसं, कितीतरी मुलांना. ते ऐकून घेऊन 'थँक यू सर' म्हणत परत यायला बारा वर्षांचा मुलगा शिकला, तर पाच महिन्यांच्या फुटबॉलपेक्षा ही कमाई मोठी आहे, असं बाबांना माझ्या नावानं सांगा.

शाळेनं 'मग त्या जागी दुसरं काय घेणार?' असं विचारलं तर दचकू नका. काही शाळांत रोजची शेवटची तासिका भरायलाच लागते. तसं असेल तर सगळ्यात हलकं, शाळेच्या वेळेतच संपणारं काहीतरी घ्या. लेट बसचे दिवस आठवड्याला दोनच, हा नियम मात्र घरात लिहून लावा. त्यातला एक दिव्यांचा. दुसरा त्याचा तो ठरवेल, किंवा मोकळा ठेवेल. प्रयोग जवळ आला की तालमी वाढतील, तेव्हा नियम पंधरा दिवस मोडेल. तो मोडू द्या, फक्त त्या पंधरवड्यात झोपेवर तुम्ही पहारा ठेवा.

पुढच्या वर्षी तो दिवेही सोडून देईल, हेही शक्य आहे. तेरा-चौदाव्या वर्षी मुलं अशीच असतात. तेव्हा हे पत्र काढून त्याला दाखवू नका.

आणि प्रयोगाचं आमंत्रण येईल. पालक लवकर जाऊन पुढच्या रांगा पकडतात, मोबाईल वर धरून बसतात. तुम्ही दोघं शेवटच्या रांगेत बसा. बोर्ड बहुतेक ठिकाणी हॉलच्या मागच्या बाजूला असतो. पहिला काळोख होईल तेव्हा सगळे स्टेजकडे बघत असतील. तुम्ही मान वळवा. क्यू शीटवरच्या बारीकशा दिव्याचा उजेड त्याच्या हनुवटीवर पडलेला दिसेल, आणि एक बोट फेडरवर. हाक मारू नका. स्टँडबाय असेल.

– तुमच्या बाई